पहिलीच्या वर्गात कोणाची भाषा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो हे कळलं की नाशकात हमखास हा प्रश्न येतो : आदिवासी मुलांना चांगलं मराठी-इंग्रजी द्यायचं सोडून त्यांच्या बोलीचा आग्रह कशाला धरता? मागे पडतील ना ती!

2025 साली पहिलीपासून हिंदी आणायचं ठरलं, तेव्हा आपण काय म्हणत होतो ते आठवा. एवढ्याशा लेकरावर परकी भाषा लादू नका, आधी त्याची मायबोली पक्की होऊ द्या. मीही तेच म्हणत होतो, आजही म्हणतो. जूनअखेर सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. पण पाड्यावरचं कोकणा किंवा भिल्ल आदिवासी घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठीच परकी असते. त्याच्यासाठी आपल्यापैकी कोण रस्त्यावर उतरलं?

घरी शेळ्यांचा हिशोब चोख ठेवणारी मुलगी पुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणापाशी अडायची. बेरीज तिला येत होती, प्रश्नच उमगत नव्हता. शेरा मात्र पडायचा, ‘गणितात कच्ची’. चौथीतल्या एखाद्या मुलीला शेजारी बसवून तोच प्रश्न कोकणा बोलीत सांगायला लावला की उत्तर लगेच यायचं. अशी मुलं पुढे मराठीही भराभर उचलत, कारण तोंड उघडायची भीती गेलेली असे. मागे पडतात ती गप्प बसवलेली मुलं.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा, हे घटनेत 1956 च्या दुरुस्तीने आलेलं 350क कलम राज्यांना सांगतं. कलम 29 तर मुळापासून आहे : आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क. तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत असलेल्या 22 भाषांमध्ये भिल्लांची भिली नाही. 2011 च्या जनगणनेत तिची नोंद एक कोटीहून जास्त लोकांची आहे. संथाळी आणि बोडो 2003 च्या घटनादुरुस्तीने आत आल्या, त्याही मागणी लावून धरल्यावर.

आणि जाते ती फक्त बोली नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या, म्हणजे आदिवासींच्या डोंगरदेवाच्या उत्सवात पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, मावल्या म्हणजे व्रत धरलेले भक्त नाचतात. थाळीच्या सुरावर कणसरी या धान्यदेवतेची कथा सांगतात, ती बोलीतच. सुटीत घरी आलेला आश्रमशाळेतला मुलगा त्या कथेला बसायला लाजतो, हे मी पाहिलंय, आणि त्याचा मला फार त्रास होतो. ही लाज त्याला घरात कुणी शिकवली नाही.

पहिली-दुसरीला बोली जाणणारा स्थानिक शिक्षक आणि बोलीतून मराठीकडे नेणारी पुस्तकं, एवढंच मागणं आहे. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. आता या मागणीच्या निवेदनावर तुमचीही सही हवी.