फॅक्टोरिओ: हिरवी सर्किटं आणि विजेची घसरगुंडी

फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेममध्ये हिरवी सर्किटं कमी पडली की लोक आणखी असेंबलर (वस्तू बनवणारी यंत्रं) लावतात. आधी माल वाहणारा पट्टा बघा. पिवळा पट्टा सेकंदाला 15 नग वाहतो. तो लोखंडी पत्र्यांनी भरायला 30 विजेचे ड्रिल आणि 48 दगडी भट्ट्या लागतात. सर्किटला तांब्याची तार लागते: तारेचे 3 असेंबलर सर्किटच्या 2 असेंबलरना बरोब्बर पुरतात. तार मात्र पट्ट्यावर नको: तांब्याच्या एका पत्र्यातून दोन तारा निघतात, जागा दुप्पट खातात. इन्सर्टरने (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) थेट द्या.

खरी गोची विजेची. ती मंदावली की ड्रिल रेंगाळतात, कोळसा आटतो, बॉयलर विझतात, वीज आणखी घसरते. बॉयलरला बर्नर इन्सर्टर (विजेऐवजी इंधनावर चालणारे) लावा. हळू आहेत, पण आपला कोळसा आपणच उचलतात. शिवाय कोळशाच्या ड्रिलना विजेची वेगळी जोडणी: एक बॉयलर, दोन वाफेची इंजिनं, 1.8 मेगावॅट. 90 किलोवॅटचे 20 ड्रिल त्यावर जेमतेम चालतात.