तुम्ही विचारलेत म्हणून: संकटात देव काय शिकवतो?

“तुम्ही ख्रिस्ती लोक रोजच्या जगण्यात देवाची शिकवण शोधता, मग घरात आजारपण आले, तर त्यातही ती सापडते का?” हा प्रश्न मला शेजारणी विचारतात आणि अलीकडे आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, तरुण मुलेही विचारू लागली आहेत. माझे उत्तर असे की शिकवण सापडते, पण संकट आपल्यावरच का आले याचा उलगडा तिच्यात बहुधा नसतो. आता काय करायचे, एवढेच तिच्यात असते.

हे माझ्या पदरचे नव्हे, बायबलमधलेच आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशूने दोन्ही नाकारले, देवाचे कार्य याच्या ठायी दिसावे असे म्हटले आणि लगेच मातीचा चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे त्याने स्पष्ट सांगितले. मुलेबाळे, धन आणि आरोग्य गमावलेल्या ईयोब नावाच्या सज्जन माणसाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांची खरी सेवा ती तेवढीच. नंतर ते कारणे सांगू लागले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

माझ्या पतींची मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले, तेव्हा “देव तुमची परीक्षा पाहतो आहे” असे सांगणारे पुष्कळ आले. येताना ते प्रेमाने शहाळी आणत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि अशा रुग्णाला ते वर्ज्य असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण कोणी विचारलेही नाही. (शहाळी मी मुलांना देत असे. त्या परीक्षेचे काय करावे, हे मात्र मला कळत नसे.)

त्या काळात मी जे शिकले, ते स्वयंपाकघरात शिकले. डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवसभराचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचे, चहा आणि आमटीतले पाणीही त्याच हिशेबात धरायचे, भाजी उकळून वरचे पाणी ओतून द्यायचे, असा क्रम होता. बायबलमध्ये रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेला मान्ना (खाण्याचे अन्न) रोज सकाळी त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तर त्यात किडे पडत. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, परंतु पुढच्या वर्षाची काळजी आज करू लागले की आजचे मोजमाप चुकते, हे त्या बाटलीपाशी उभी असताना प्रथम समजले. म्हणून आजार चांगला होता, असे मी कधीही म्हणणार नाही. “हे परमेश्वरा, किती वेळ?” हा बायबलच्या 13व्या स्तोत्रातील आक्रोश आमच्या घरच्या प्रार्थनेत अनेकदा झाला आणि त्याचा मला संकोच वाटत नाही.

या बाबतीत मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण 1870च्या दशकातील दुष्काळाच्या दिवसांत गेली. त्या आणि त्यांचे बंधू उपाशीपोटी पायी भटकत राहिले. पुढे बंधूही गेले, पतीही गेले. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे 300 मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. आपल्या घरच्यांच्या मृत्यूचे कारण त्यांना सापडले होते की नाही, यावर वाद घालण्यात मला रस नाही. भुकेल्या मुलीला आधी काय लागते, हे मात्र त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

म्हणूनच मंडळीतील मुले एखाद्या घरच्या आजारपणाविषयी “यातून देव काय शिकवतो?” असे विचारतात, तेव्हा त्या घरी डबा कोण पोहोचवतो आहे आणि रात्री दवाखान्यात सोबतीला कोण थांबते, हे मी त्यांना आधी विचारते.