२४ स्वर, त्यातला अडणारा सहावा: श्रद्धांजलीच्या गाण्यांचा माझा पाचवा महिना

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की 'टॅप्स' (अमेरिकेत सैनिकाच्या अंत्यविधीत वाजवतात ती ब्युगलची छोटी धून) काय, २४ तर स्वर आहेत, महिन्याभरात हातावेगळं करते आणि मग पुढच्या गाण्याला लागते. तर ते झालेलं नाहीये. पाचवा महिना संपला, २४ मधले २३ बरे येतात आणि सहावा स्वर अजून दर तीन-चार वेळा वाजवल्यावर एकदा तरी फुटतोच.

नवीन कोणी वाचत असेल तर थोडक्यात सांगते. कामावर असताना जीव गमावलेले सैनिक, पोलीस, अग्निशामक आणि अँब्युलन्सवाले-डॉक्टर-नर्स यांच्यासाठी वाजणारी किंवा गायली जाणारी गाणी मी गोळा करते, जमतील ती ट्रंपेटवर बसवते आणि एक स्वतःचं लिहायचा प्रयत्न चाललाय. ब्युगल घेतलं नाही, ट्रंपेटचीच तिन्ही बटणं सोडून द्यायची, एकही दाबायचं नाही, की झालं ब्युगल. मग फक्त ओठ आणि श्वास यांच्यावर स्वर बदलतात.

'टॅप्स'ची गंमत अशी की त्यात वेगळे स्वर फक्त चार आहेत. आपल्या भाषेत लिहिलं तर असं: प प सा, प सा ग, प सा ग, प सा ग, प सा ग, सा ग प, ग सा प, प प सा. मोजा, २४ भरतात. यातला 'सा ग प' मधला प तेवढा वरचा, बाकी सगळे प मंद्र सप्तकातले. ना रिषभ ना मध्यम, काहीच नाही, कारण बटणं नसलेल्या नळीतून तेवढेच निघतात. १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात डॅनियल बटरफिल्ड नावाच्या जनरलने एका जुन्या कॉलमध्ये, म्हणजे ब्युगलवरच्या इशाऱ्याच्या धुनेत, फेरफार करून हा बसवला, आणि तो मुळात शोकाचा नव्हताच, रात्री दिवे मालवा आणि झोपा एवढाच त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी तोफखान्यातल्या एका सैनिकाच्या दफनविधीत तो पहिल्यांदा वाजला असं सांगतात, कारण नेहमीच्या सलामीच्या तीन फैरी झाडल्या असत्या तर जवळच असलेल्या शत्रूला वाटलं असतं की हल्ला सुरू झाला. म्हणजे आवाज कमी करायचा म्हणून आलेली गोष्ट पुढे प्रथा झाली. (बापाला रणांगणावर मुलाचं प्रेत सापडतं आणि त्याच्या खिशात या सुरावटीचा कागद निघतो, हा जो फॉरवर्ड फिरतो ना, ती भाकडकथा आहे. मलाही आतापर्यंत तीन जणांनी पाठवलीय. कृपया चौथे होऊ नका.)

आता सहाव्या स्वराबद्दल. 'प प सा' झालं, मग 'प सा ग', आणि हा जो ग आहे तो लांबवायचा असतो. तिथे पोचेपर्यंत ओठ नीट तापलेले नसतात, श्वास अर्धा संपलेला असतो आणि मनात धाकधूक असते, त्यामुळे तो एकतर फाटतो नाहीतर घसरून खालच्या सा वर पडतो. मी फार वैतागले होते, मग वाचनात आलं की २५ नोव्हेंबर १९६३ ला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या अंत्यविधीत सार्जंट कीथ क्लार्क यांनी हेच वाजवलं तेव्हा त्यांचाही नेमका सहावाच स्वर फुटला होता, तेही सगळं जग टीव्हीवर बघत असताना. लष्करी बँडमधला अव्वल वादक, पण थंडीत ताटकळत उभा. लोकांना मात्र ती चूक वाटली नाही, त्यांना वाटलं हुंदकाच आला. आता यावरून मी माझ्या फुटक्या गंधाराला हुंदका म्हणून खपवू शकते का? नाही. त्यांचा एकदा फुटला, माझा आठवड्यातून चाळीस वेळा फुटतो.

पण एक शोध लागला आणि त्यावर मी या महिन्यात भयंकर खूश आहे. मी कीबोर्डवर नुसते लांब सूर धरून त्यावर वाजवत होते आणि दर वेळी माझा ग उतरलेला वाटायचा. ओठ आवळून वर चढवायला जायचे की फुटायचा. दोन आठवडे हेच चाललं होतं. मग एका संध्याकाळी कंटाळून कीबोर्ड बंद केला आणि तानपुऱ्याचं अॅप लावलं, आणि काय सांगू, पहिल्याच फटक्यात तो ग जाऊन चिकटला!! अहो तो उतरलेला नव्हताच, तो आपला स्वयंभू गंधार आहे, तानपुऱ्याच्या खर्जातून न छेडता ऐकू येतो तोच. मोकळ्या नळीतूनही नैसर्गिकरित्या तोच येतो आणि कीबोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. म्हणजे दोन आठवडे मी बरोबर स्वराला मारून मुटकून चूक करत होते. तेव्हापासून फुटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलंय. ज्यांना हा त्रास होतोय त्यांनी आधी कीबोर्ड बंद करून बघा.

दुसरी अडचण माझी स्वतःची, सवयीची. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर शेवटच्या 'प प सा' ला मी इतकं रडवेलं वाजवलं होतं, आवाज थरथरवून, मुद्दाम हळू करत करत, की मलाच लाज वाटली. उलट चांगले वादक ऐकले तर ते काहीच करत नाहीत, सरळ वाजवतात, स्वर जेवढा धरायचा तेवढा धरतात आणि सोडतात, भाव-बिव चेहऱ्यावर शून्य, आणि ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही पण होतं खरं. आता मी नियम केलाय, रियाजात थरथर बंद.

'लास्ट पोस्ट' (ब्रिटिश परंपरेतली ब्युगलची श्रद्धांजलीची धून) सुरू केलंय पण त्याबद्दल आत्ता जास्त नाही लिहीत, ते लांब आहे आणि माझा दम पुरत नाही. तेही मूळचं छावणीतलंच, पहारे तपासून झाले, आता रात्र, असा इशारा. त्याच्यानंतरची जी शांतता असते तीसुद्धा त्या वाजवण्याचाच भाग आहे, ती मोजून धरावी लागते, आणि घरी एकटीने ती धरताना हमखास फोन वाजतो.

त्याचा एक तपशील मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेल्जियममध्ये इप्रला मेनिन गेट आहे, पहिल्या महायुद्धात ज्यांचे देहच सापडले नाहीत अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं त्यावर कोरलीयत. तिथे १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता लास्ट पोस्ट वाजतं, मध्ये जर्मन ताब्यात असताना बंद पडलं होतं ते ६ सप्टेंबर १९४४ ला, गाव सुटलं त्याच संध्याकाळी, पुन्हा सुरू झालं. आणि वाजवतं कोण? सैनिक नाहीत. तिथल्या अग्निशमन दलाचे स्वयंसेवक! आग विझवणारे रोज रात्री ब्युगल घेऊन सैनिकांसाठी उभे राहतात. मी याद्या करताना सैनिकांची गाणी, फायरवाल्यांची गाणी असे वेगळे फोल्डर केले होते, हे वाचल्यावर ते सगळं मोडून एकच केलं.

आणि मग असे दुवे सापडतच गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पलटणींमधले बँडवाले लढाईच्या वेळी वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलायचे. जखमींना आणणारा आणि सूर वाजवणारा माणूस एकच. 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही जी पॉपीच्या फुलांची कविता, जिला पुढे कितीतरी संगीतकारांनी चाली लावल्या, ती लिहिली जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरने, मे १९१५ मध्ये, मित्र गेल्यावर. आणि १९१८ च्या जानेवारीत तो स्वतः न्यूमोनियाने गेला, लष्करी हॉस्पिटल सांभाळत असताना. डॉक्टरने सैनिकांवर लिहिलं ते जगभर वाचलं जातं, डॉक्टरवर लिहिलेलं कोणतं गाणं तुम्हाला पटकन आठवतं? माझ्या यादीत सैनिकांची ६१ आहेत, अग्निशामकांची १४, पोलिसांची ९ आणि वैद्यकीय लोकांची ४, त्या चारातली दोन तर खरं म्हणजे आभाराची आहेत, श्रद्धांजलीची नाहीत. ही माझी यादी आहे, जगाची नव्हे, तुमच्याकडे असतील तर सांगा.

पोलीस आणि अग्निशामकांकडे गाणी कमी असली तरी आवाज आहेत. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात जुन्या तारयंत्राच्या काळापासून ५-५-५-५ असे, चार वेळा पाच-पाच, टोले म्हणजे आपल्यातला कोणीतरी कामावर असताना मरण पावला. ११ सप्टेंबर २००१ ला त्यांचे ३४३ गेले. आणि अमेरिकेत पोलिसाच्या अंत्यविधीत शेवटचा कॉल म्हणून रेडिओवरून त्याचा नंबर, नाव पुकारतात, उत्तर नाही, पुन्हा पुकारतात, नाही, मग कंट्रोल रूममधली व्यक्ती सांगते की याची ड्यूटी संपली. संगीत अजिबात नाही, नुसती रेडिओची खरखर. त्या खरखरीइतकं परिणामकारक मी पाच महिन्यांत काही ऐकलं नाही. बॅगपाइपवर 'अमेझिंग ग्रेस' या दोन्ही दलांत वाजतं. त्याचे शब्द १७७२ चे, जॉन न्यूटन यांचे, जे आधी गुलामांच्या जहाजावर कप्तान होते, आणि आत्ताची चाल त्याला १८३५ मध्ये जोडली गेली, म्हणजे पोलिसांशी काहीएक संबंध नसलेलं गाणं. त्याचे स्वर बघितले तर सा रे ग प ध, आपला भूप रागच. हाच माझा घात झाला. बटणं दाबून वाजवायला बसले की बोटं आपसूक मींड घ्यायला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत) जातात आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ते पहाटेची भूपाळी वाटायला लागतं. सोडून दिलंय तूर्त.

आता माझ्या गाण्याबद्दल, म्हणजे पंचाईतीबद्दल. अँब्युलन्सवर काम करणाऱ्या माणसासाठी लिहायचं ठरवलं होतं, यादीतला तो ४ चा आकडा बघूनच. पहिला खर्डा झाला, बरा वाटला, दोन दिवसांनी वाचला तर त्यात शौर्य, बलिदान, वीर, अमर, ज्योत, शपथ हे सगळे हजर. मग मी एक परीक्षा केली, 'रुग्णवाहिका' काढून 'सीमा' घातलं. गाणं जसंच्या तसं चाललं! मग 'ज्वाला' घातलं, तरी चाललं. जे गाणं कोणालाही बसतं ते कोणाचंच नाही, फाडून टाकलं.

चांगल्या गाण्यांत काय असतं ते बघायला परत जर्मन 'इख हाट आइनेन कामेराडेन' ('माझा एक सोबती होता') काढलं. शब्द लुडविग उलांडचे १८०९ चे, चाल झिल्चरने १८२५ मध्ये बांधली. नुसती तीन कडवी. मरणारा सोबती हात पुढे करतो आणि याला तो धरता येत नाही कारण हा बंदूक भरतोय. बस, एवढंच. हात मोकळा नाही. शौर्य हा शब्दही नाही. लतादीदींनी २७ जानेवारी १९६३ ला पहिल्यांदा गायलेलं 'ऐ मेरे वतन के लोगों' घ्या, तिथेही मला अंगावर येतं ते घोषणांनी नाही, कोण सण साजरा करत होतं आणि तेव्हा कोण गोळ्या झेलत होतं ते समोरासमोर ठेवल्यामुळे.

मग मी एका ओळखीच्या पॅरामेडिकला विचारलं की तू अँब्युलन्समध्ये सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोलतोस, मला वाटलं 'घाबरू नका' म्हणेल. तो म्हणाला, "नाव काय तुमचं? परत सांगा, नाव काय?" पेशंट शुद्धीवर राहावा म्हणून पुन्हा पुन्हा नाव विचारत राहायचं. हे ऐकलं आणि डोक्यात तो पोलिसांचा रेडिओ कॉल वाजला. आयुष्यभर दुसऱ्यांना नाव विचारत राहिलेला माणूस, आणि शेवटी रेडिओवर त्याचं नाव पुकारतात.

धृवपद एवढंच जमलंय:

नाव काय तुमचं, सांगा ना पुन्हा,
डोळे उघडे ठेवा, बोला ना पुन्हा

चाल त्या चार स्वरांतच ठेवायची असा हट्ट आहे, प सा ग प, बाकी काही नाही, म्हणजे ट्रंपेटवर बटणाशिवाय वाजेल. पहिली दोन कडवी पेशंटची, तो उत्तर देतो. तिसऱ्यात रेडिओ. तिसऱ्या कडव्यात 'बोला ना पुन्हा' नंतर चार मात्रा पूर्ण रिकाम्या सोडल्यात. गाऊन दाखवलं तर घरच्यांना वाटलं मी शब्द विसरले, तेव्हा ती जागा अजून बसलेली नाहीये. चारच्या आठ मात्रा करू की शांतता तशीच ठेवून आधीची ओळ तोडू, कोणाला सुचलं तर सांगा, ताल दादरा आहे, तोही कदाचित चुकलाय, फारच झुलतो तो.

जाता जाता, अमेरिकेत वादक कमी पडतात म्हणून २००३ पासून ब्युगलच्या पुढच्या रुंद तोंडात बसवायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरतात, बटण दाबायचं आणि ओठाला लावून उभं राहायचं, आतून निर्दोष 'टॅप्स' वाजतं. एकाने मला विचारलं, मग तू कशाला घसा कोरडा करतेस? मी काही बोलले नाही. संध्याकाळी वीस वेळा वाजवलं, सहावा स्वर सोळा वेळा लागला. पुढच्या महिन्यात अठरा.