तोक्योत भेटला ऋष्यशृंग

तोक्योच्या एका संग्रहालयात चित्रासमोर उभा राहून वहीत टिपणं काढत होतो. तिथल्या बाई पावलांचा आवाज न करता आल्या, कमरेत वाकल्या आणि टोक केलेली पेन्सिल पुढे केली. पेन चालत नाही म्हणे, शाई उडाली तर? अहो, चित्र काचेआड आहे! माझं बॉलपेन काय काच फोडून आत शिरणार होतं? फोटोला बंदी, उजेड इतका मंद की पाटी वाचायला नाक टेकवावं. आणि पेन्सिल दिली दोन्ही हातांनी, अदबीनं, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

चित्र त्सुकिओका कोग्यो या जपानी चित्रकाराचं. १८९७ ते १९०२ या काळात त्यानं ‘नो’ नाटकांवर, म्हणजे जपानच्या जुन्या, मुखवटे घालून करायच्या नाटकांवर, अडीचशेहून जास्त चित्रं काढली, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली. हे ‘इक्काकु सेन्निन’ म्हणजे ‘एकशिंगी ऋषी’ या नाटकाचं. कपाळावर एकच शिंग. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. बाजूनं वाकून पाहिलं तर वस्त्रावरची नक्षी कागदातून उठून आलेली; तिथे रंग नाही, नुसता ठोकळ्याचा दाब.

नाटक घडतं वाराणसीच्या राज्यात. हरिणीच्या पोटचा ऋषी नागदेवांना गुहेत कोंडतो, पाऊस थांबतो. राजा एका सुंदरीला धाडतो, ती मद्य पाजते, नाचते, तप बुडतं, खडक दुभंगतो, पाऊस कोसळतो. म्हणजे आपला ऋष्यशृंगच की! लोमपादाच्या अंगदेशातला दुष्काळ संपवणारा, दशरथाचा पुत्रकामेष्टी करणारा. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे इथे पोचला आणि नाटकाचा नायक झाला. आपण मात्र त्याला यज्ञापुरतं बोलावलं आणि दक्षिणा देऊन वाटेला लावलं.

त्याच सुमारास, १८९४ मध्ये, मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला होता. त्या चित्रांवर आपण कुंकू लावलं, उदबत्त्यांनी ती काळवंडली, उरलेली वाळवीनं खाल्ली. इथे रंग उडू नयेत म्हणून चित्र थोडे दिवस दाखवतात, मग पुन्हा अंधारात. जपणूक त्यांचीच सरस, मान्य. पण आमच्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीला रोज नमस्कार तरी घडला!

फोटो नसल्यामुळे आईला फोनवर सगळं चित्र तोंडी सांगावं लागलं. ती म्हणाली, “ऋष्यशृंगाला दारू? काहीतरीच!” महाभारतातली गणिकाही त्याला उंची पेयं देतेच की, असं म्हटलं. त्यावर, “ते सरबत असेल.”