जुलैतला बोंबील

बोंबलाचा तो फोटो खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या संध्याकाळची गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न हाच केला, "मग काय लावलं होतंस, ग्लिसरीन?" काहीही लावलं नव्हतं. जाहिरातींच्या फोटोंत काय काय चालतं ते मला माहीत आहे. आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, सिरपच्या जागी इंजिन ऑइल, फेसासाठी दाढीचा साबण. रेस्टॉरंटांसाठी पदार्थांचे फोटो काढताना मी यातल्या कशालाही हात लावत नाही. पाहुण्यापुढे येणार तेच, तेवढंच आणि त्याच ताटलीत. काढून झालं की मी ते खातेही.

रेस्टॉरंट लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात आहे. नाव लिहीत नाही. तिथे फक्त टेस्टिंग मेन्यू असतो. म्हणजे आपण काही निवडायचं नाही, शेफ देईल ते छोटे छोटे कोर्स तो देईल त्या क्रमाने खायचे. २०१६ मध्ये महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात 'मास्क' हे रेस्टॉरंट सुरू झालं तेव्हा ही पद्धत मुंबईला नवीन होती, आता बऱ्यापैकी रुळली आहे. इथे माणशी साडेपाच हजार, कर वेगळा. पण यात एक गोम आहे. पाहुण्याला आधी वाचायला काही नसतं, त्यामुळे टेबल बुक करताना त्याच्या हातात काय असतं, तर फोटो.

हा फोटो मी नोव्हेंबरात काढला होता. बोंबील हा फोटोसाठी सगळ्यांत अवघड मासा, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या अंगात इतकं पाणी असतं की कच्चा असताना तो ताटलीत नीट उभा-आडवा राहतच नाही. शेफनी तो मधोमध चिरून काटा काढला होता, वजनाखाली दाबून पाणी उतरवलं होतं, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तळला होता. खाली घट्ट केलेल्या सोलकढीचा पातळ थर, कडेला कोथिंबिरीच्या तेलाचे दोन-तीन थेंब. सगळा मिळून दोन घासांचा ऐवज.

तळणीतून निघाल्यापासून जेमतेम तीन मिनिटं हातात असतात. त्यानंतर आतलं पाणी बाहेर येऊ लागतं आणि रवा मऊ पडतो. डोळ्यांना ते लगेच कळत नाही, लेन्सला कळतं. म्हणून आधी तशाच आकाराचं काहीतरी ताटलीत ठेवून सगळं लावून घ्यायचं. प्रकाश मागून, किंचित डावीकडून, म्हणजे रव्याचा कण न् कण दिसतो. समोरून प्रकाश टाकला की तळलेल्या पदार्थाचं नुसतं तपकिरी ढेकूळ होतं. उजवीकडे पांढरा थर्माकोल न लावता मी काळा पुठ्ठा लावला, कारण सावली थोडी गडद झाली की कवचाचे कंगोरे उठून येतात. १०० एमएमची मॅक्रो लेन्स, एफ ८, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडलेला, म्हणजे शेफना तिथल्या तिथे बघता येतं.

खरा त्रास सोलकढीने दिला. तिथले दिवे २७०० केल्व्हिनचे, पिवळे. खिडकीतून येणारा उजेड साधारण ५५०० चा, पांढरा. दोन्ही एकत्र पडले की कोकमाचा तो फिकट गुलाबी रंग ताटलीच्या एका बाजूला गुलाबी राहतो आणि दुसऱ्या बाजूला चहासारखा होतो. असला रंग नंतर संगणकावर सुधारत बसणं मला पटत नाही. पडदे ओढले, वरचे दिवे बंद करायला लावले (मॅनेजरने त्यासाठी मालकाला फोन केला, इतकं ते रेस्टॉरंट मालकाच्या मुठीत आहे), एकाच दिव्यावर काम केलं, ग्रे कार्डवर, म्हणजे रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्यावर, रंग बांधला. तो गुलाबी जसा होता तसा आला. त्या फोटोचा मला आजही अभिमान आहे.

ताटलीशेजारी चमचा होता. तो मी मुद्दाम ठेवला होता, कारण जवळून घेतलेल्या फोटोत मापाचा पत्ता लागत नाही आणि दोन घासांचा बोंबील अख्ख्या जेवणाएवढा वाटू शकतो. मार्केटिंग एजन्सीच्या मुलीला तो चमचा नको होता. फ्रेममध्ये गर्दी होते म्हणाली. मी काढला नाही. एजन्सीतल्या लोकांना फोटो किती वेळा बघितला गेला एवढंच दिसतं, त्या फोटोच्या भरवशावर कोणीतरी जेवायला येणार आहे हे त्यांच्या हिशेबात नसतं.

जुलैत त्यांच्याच नव्या मेन्यूचं काम होतं. एरवी असं काम दुपारी, रेस्टॉरंट बंद असताना होतं. पण मालकांना भरलेल्या टेबलांची जाग हवी होती, म्हणून सात वाजताच्या पहिल्या पंगतीला मी कोपऱ्यातल्या टेबलावर सामान मांडून बसले होते. तिसरा-चौथा कोर्स चालू असेल, कॅप्टन माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, वो फोटो आपका ही है ना? ज़रा आइए."

टेबलावर साठीच्या आसपासचं एक जोडपं होतं. कोल्हापूरहून आले होते, लग्नाचा वाढदिवस, लेकीने बुकिंग करून दिलेलं. काकांनी फोन पुढे केला. स्क्रीनवर माझा फोटो. ताटलीत मात्र तांदळाची एक कुरकुरीत पापडी, तिच्यावर भाजून कुटलेला सुका बोंबील, खाली तीच सोलकढी. कॅप्टनने ताटली ठेवताना नाव तेच सांगितलं होतं, "बोंबील, सोलकढी."

"हा फोटो तुम्ही काढलात?" काकांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मी हो म्हटलं.

"मग हे खरं की ते खरं?"

दोन्ही खरं, असं मी म्हणाले. ते नोव्हेंबरातलं आहे, हे जुलैतलं. काकूंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. त्या म्हणाल्या, "आता बंदी असते ते आम्हाला माहितीये हो. पण हा फोटो कालपर्यंत बुकिंगच्या पानावर होता. आम्हाला वाटलं, एवढी मोठी माणसं आहेत, आणत असतील कुठून तरी."

तेवढ्यात शेफ बाहेर आले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे त्या टेबलावर समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी वेगळं सांगितलं. गोठवलेला बोंबील मिळतो, पण बर्फातून बाहेर काढला की त्याचं पाणी सुटतं आणि नुसता लगदा उरतो. तो तळला तर फोटोसारखा दिसेल, तोंडात मात्र काहीच लागणार नाही. "पावसात किनाऱ्यावरची घरं जे खातात तेच मी दिलंय," ते म्हणाले. खरंच तर आहे. उन्हाळ्याआधी बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळवलेला बोंबील हीच तर पावसाची बेगमी. स्वयंपाकी म्हणून त्यांचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

काकूंनी पापडीचा तुकडा मोडून खाल्ला. "चांगलंय," म्हणाल्या, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. "पण हे आमच्याकडे पावसात रोज असतं. नारळ, कांदा, मिरची घालून. याच्यासाठी मी कोल्हापूरहून आले नाही ना."

यावर शेफकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मॅनेजरने दोघांना एक डेझर्ट जादा पाठवायला सांगितलं. तक्रार कसलीही असो, आमच्या या धंद्यात तोंड गोड करायचं आणि विषय मिटला म्हणायचं. या सवयीचा मला मनापासून राग आहे. त्या दोघांना गोड नको होतं. त्यांना कोणीतरी "तुमचं बरोबर आहे" एवढं म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं. मॅनेजरला ते आवडलं नाही.

मी परत निघाले तेव्हा काकूंनी विचारलं, "तुम्ही खाल्लात का हो तो, फोटोतला?"

हो म्हटलं.

"कसा होता?"

मी खरं सांगितलं. कवच कडक होतं, दाताखाली मोडलं आणि आत मासा नुसता विरघळला. सोलकढीत लसूण नेहमीपेक्षा कमी होती, त्यामुळे माशाची गोडी कळली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. लसूण कमी का, असंही विचारलं. काका त्यांच्याकडे बघत होते. मग त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या कोर्सकडे वळल्या.

हा प्रसंग डोक्यातून जात नाही तो यामुळे. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं होतं. काकूंना मात्र मी अशा पदार्थाची चव वर्णन करून सांगत होते, ज्याच्यासाठी त्या पैसे मोजून आल्या होत्या आणि जो मी कामाचा भाग म्हणून, पैसे घेऊन खाल्ला होता.

रात्री आवराआवर करताना शेफ बराच वेळ बोलले. त्यांचं म्हणणं, फोटोच बंद करावेत. न्यूयॉर्कच्या 'मोमोफुकू को'ने २००८ मध्ये पाहुण्यांना फोटो काढायला मनाई केली होती, तो दाखला त्यांनी दिला. मला ते पटत नाही, आणि फक्त माझं पोट त्यावर आहे म्हणून नव्हे. एवढे पैसे देणाऱ्या माणसाला आपण कशासाठी देतोय ते आधी दिसायलाच हवं. चूक दोन जागी होती. ऋतूबरोबर ताटली बदलली, पण पदार्थाचं नाव बदललं नाही. आणि बुकिंगच्या पानावरचा फोटोही बदलला नाही. शेफ दर दोन-तीन महिन्यांनी मेन्यू फिरवतात, त्याचं कौतुक छापून येतं, आणि फोटो मात्र एकदा पैसे मोजले की वर्षभर वापरायचा.

दुसऱ्या दिवशी एजन्सीला फोन केला. म्हटलं, फोटो काढा, नाहीतर खाली महिना छापा. मुलगी म्हणाली, "ताई, महिना टाकला की फोटो शिळा वाटतो. आणि ऑगस्टनंतर ताजा बोंबील येणारच आहे ना परत? मग तो बरोबरच होईल." तिचं गणित चुकीचं नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. पाऊस सरेल, बोटी जातील, आणि तो फोटो कोणी हात न लावता पुन्हा खरा होईल. कोल्हापूरचं ते जोडपं काही तेव्हा परत येणार नाही.

आता मी करारात एक ओळ घालते: ऋतूवर अवलंबून असलेल्या पदार्थाच्या फोटोखाली तो काढल्याचा महिना छापायचा, आणि पदार्थ बदलला की फोटो उतरवायचा. बाकीच्यांनी फारशी खळखळ न करता सह्या केल्या. या रेस्टॉरंटच्या मालकांनी ती ओळ खोडून करार परत पाठवला आहे. हिवाळ्याच्या मेन्यूचं काम आहे, शेफना मीच हवी आहे, आणि मी अजून सही केलेली नाही.