पंप मी बंद केला होता

दहावीपासून मला दमा आहे. सकाळ-संध्याकाळ बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप आणि धाप लागलीच तर साल्ब्युटामॉल. नोव्हेंबरमध्ये दिवस गेल्याचं कळलं आणि मी कोणालाही न विचारता रोजचा पंप सोडला. स्टेरॉइड बाळाला बाधेल, ही एकच भीती. थंडी खोकण्यात गेली. दम लागायचा, पण गर्भारपणात तो चांगल्या धडधाकट बाईलाही लागतो, म्हणून अंगावर काढलं. छातीतली शिट्टी मात्र गर्भारपणाची नसते, हे तेव्हा मला सुचलं नाही.

एप्रिलमध्ये, सहाव्या महिन्यात, कूलर लावला. नागपूरच्या उन्हात त्याच्याशिवाय निभाव नाही. त्याच्या गवती ताट्या मागच्या वर्षीच्याच होत्या. ओल्या होताच कुबट वास घरभर झाला. रात्री अडीचला मला एक वाक्य पुरं बोलता येईना. सासूबाई पाठ चोळत होत्या, नवऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यात ऑक्सिमीटरनं रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्के दाखवला. ऑक्सिजन, वाफ, मग काही दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या.

सकाळी डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि समजावलं. पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही, माझ्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून त्याला मिळतो. माझं ९५च्या खाली गेलं की त्याचाही वाटा घटतो. असं वारंवार झालं तर बाळाची वाढ खुंटू शकते, वजन कमी भरू शकतं, बाळंतपण दिवसांआधी होऊ शकतं. आईचं बीपी वाढण्याचा धोकाही वाढतो. "पंपातलं औषध फुप्फुसात काम करतं, रक्तात अगदी थोडं जातं. बाळाला धोका तुमच्या धापेचा आहे." मी रडले. पाच महिने मी ज्याला जपणं समजत होते ते जपणं नव्हतंच.

त्या दिवसापासून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून पंप, नंतर चूळ. ताट्या नव्या बसवल्या, पलंग कूलरच्या झोतातून हलवला. दर चार आठवड्यांनी वाढ बघायला सोनोग्राफी. पहिल्या वेळी वजन जरा मागे होतं. पडद्याकडे बघायचीही हिंमत होईना. पुढच्या दोन्ही वेळी ते वाढत गेलं. दमा बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यातच डोकं वर काढतो आणि शेवटच्या महिन्यात निवळतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

एक गोष्ट दमा असलेल्या प्रत्येकीनं आधीच विचारून ठेवावी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला कार्बोप्रोस्ट नावाचं इंजेक्शन देतात; दमेकऱ्यांची श्वासनलिका त्यानं आवळू शकते, म्हणून ते टाळतात. माझ्या फायलीवर डॉक्टरबाईंनी लाल पेनानं 'दमा' लिहिलं, आणि कळा सुरू झाल्यावरही पंप चालूच ठेवायला सांगितलं.

जुलैत मुलगी झाली, दोन किलो सातशे. अंगावर पाजतेय आणि पंपही घेतेय, त्याला काही हरकत नाही. संध्याकाळी चुकले तर सासूबाईच विचारतात, "पंप घेतला का गं?"