वास घेतलेलं फूल

जास्वंदीला वास नसतो. आईपुढे मांडायला माझ्याकडे एवढा एकच मुद्दा आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर जास्वंदीच्या दोन कुंड्या आहेत. सकाळी आई पूजेची फुलं खुडायला येते, तेव्हा मी तिथेच फुलात नाक खुपसून बसलेला असतो. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घेण्याची ऐपत नाही, म्हणून ५० मिलिमीटरची जुनी लेन्स एका रिंगेने कॅमेऱ्यावर उलटी बसवली आहे. "बनियन उलटं घातल्यासारखं दिसतंय," इति आई. पण या उलट्या लेन्सला रुपयाच्या नाण्याएवढी जागा चौकटभर दिसते. फक्त फुलाच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि स्पष्ट येतो तो जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पट्टा. फोकस साधायला परवचा म्हणणाऱ्या पोरासारखं पुढे-मागे डुलायचं, आणि नेमक्या क्षणी श्वास रोखायचा. वारा आला की संपलं. मग देठाला कपड्यांचा चिमटा.

"वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही."

"अगं, याला वासच नाही!"

"फुंकर तर लागली ना?"

यावर मी काय बोलणार? एकदा थेंब टिकावेत म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारलं. मागे धरलेलं फूल थेंबात उलटं, इवलंसं दिसत होतं. फोटो हलला, आणि देवाला ग्लिसरीन दाखवल्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग खंडेराव मार्केटातून झेंडू आणला. झेंडू हे एक फूल नव्हेच, चिमुकल्या फुलांची दाटी. जवळून ती एकेक सुटी दिसतात. आईला दाखवलं, तर म्हणाली, "म्हणजे एका झेंडूत लाखोली उरकेल." कल्पना तिला पटली नसावी, तिने हार पूर्ण ओवला.

परवा मात्र जास्वंद जमली. ऊन बटर पेपरातून गाळून घेतलं होतं. मधल्या दांड्यावर पिवळ्या परागांचे दाणे, आणि अगदी टोकाला पाच तांबड्या, मखमली गोंड्या. एरवी दांडा दिसतो, गोंड्या कोण बघतो? आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला, बराच वेळ पडदा बघितला.

"ही तर पंचारती."

आज सकाळी गच्चीवर गेलो तर तिचं तबक भरलेलं, आणि कठड्यावर वाटीत एक फूल वेगळं.

"ते तुझं," ती जिन्यावरून म्हणाली. "कर उष्टं."